रेशीम अळीचा पूरक आहार : किती, केव्हा आणि कशासाठी?

तुतीच्या पाल्यावर वाढणारी रेशीम अळी चौथी कात टाकून पाचव्या अवस्थेत आली, की तिची भूक एकाएकी वाढते. रात्रीच्या शांत वेळी अशा संगोपनगृहात पाऊल ठेवले, तर बाहेर पाऊस पडत असावा असा भास होतो. तो आवाज असतो हजारो अळ्यांच्या पाला कुरतडण्याचा. सहा-सात दिवस हे खाणे अखंड चालते. मग अळ्या पाल्याकडे पाठ फिरवितात, माना उंचावून आधार शोधू लागतात आणि चंद्रिकेवर सोडल्यावर दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणून घेतात. शेतकऱ्याच्या पदरात जे काही पडावयाचे, ते बव्हंशी या सहा-सात दिवसांच्या खाण्यावर ठरते.

साहजिकच, या दिवसांत अळीला पाल्याबरोबर आणखी काही पौष्टिक देता आले तर कोष अधिक वजनदार होईल, ही कल्पना कोणाच्याही मनात यावी अशीच आहे. दुभत्या जनावराला सरकी-पेंड दिली तर दूध वाढते. मग अळीला जीवनसत्त्व, प्रथिन वा क्षार दिले तर रेशीम का वाढू नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आणि गेल्या अनेक दशकांत त्यावर देशोदेशी प्रयोग केले. त्या प्रयोगांची ख्याती गावापर्यंत पोचते ती बहुधा एखाद्या बाटलीवरील वा पुडीवरील मजकुराच्या रूपाने. ती घ्यावी की न घ्यावी, याचा निर्णय शेतकऱ्याला एकट्याने करावा लागतो आणि चुकला तर महिनाभराच्या श्रमाचे पीक हातचे जाते. म्हणूनच पूरक आहाराचे शास्त्र काय आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे रेशीम उत्पादकाला सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. १ सप्टेंबर १९९७ रोजी राज्यात स्वतंत्र रेशीम संचालनालय अस्तित्वात आले व त्याचे मुख्यालय नागपूर येथे झाले. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतून तुती लागवडीस साहाय्य मिळू लागल्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत तुतीच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये जालना येथे कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली. ऊस आणि कापूस यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव गाठीशी असलेला शेतकरी या धंद्यात मात्र नवखा आहे. नवख्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील कोणता सल्ला पारखून घ्यावा, हे सांगणारे थोडे असतात.

दहा हजार पटींची वाढ

अंड्यातून बाहेर पडणारी अळी जेमतेम अर्धा मिलिग्रॅम वजनाची असते. चार वेळा कात टाकून, पाच अवस्थांतून जाऊन, साधारण २२ ते २८ दिवसांनी ती कोष विणण्यास तयार होते, तेव्हा तिचे वजन चार ते पाच ग्रॅम भरते. म्हणजे महिन्याच्या आत तिची वाढ सुमारे दहा हजार पट होते.

ही वाढ सर्व अवस्थांत सारखी नसते. पहिल्या तीन अवस्थांत मिळून अळी फार थोडा पाला खाते. एकूण पाल्याचा सुमारे ८० ते ८५ टक्के भाग एकट्या पाचव्या अवस्थेत लागतो. १०० रोगमुक्त अंडीपुंजांपासून ४० ते ५० हजार अळ्या मिळतात आणि त्यांना पिकाच्या अखेरपर्यंत ८०० ते १,००० किलो पाला लागतो. या पाल्यातून चांगल्या दुबार संकरित वाणाचे ६० ते ७० किलो कोष हाती येतात. दुबार म्हणजे निसर्गतः वर्षाला दोन पिढ्या होणारे वाण. त्यांचा धागा लांब व उत्तम प्रतीचा असतो.

पाचव्या अवस्थेतच अळीच्या शरीरातील रेशीम ग्रंथींची जोड झपाट्याने वाढते. अवस्थेच्या अखेरीस या ग्रंथी अळीच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के होतात. जिवंत प्राण्याच्या देहाचा इतका मोठा भाग एकाच उत्पादनासाठी राखून ठेवलेला क्वचितच आढळेल.

पाल्यातून धागा

रेशीम हे प्रथिन आहे. धाग्याचा गाभा फायब्रॉइन या प्रथिनाचा असून त्याचे प्रमाण ७० ते ८० टक्के असते. उरलेला भाग त्याभोवतीच्या सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाचा असतो. फायब्रॉइन मुख्यतः ग्लायसीन, ॲलॅनीन आणि सेरीन या तीन ॲमिनो आम्लांचे बनलेले असते. टायरोसीनचाही त्यात थोडा वाटा असतो.

ही ॲमिनो आम्ले येतात कोठून? जपानमधील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास याचा माग काढला आणि रेशमातील सुमारे ७० टक्के प्रथिन थेट तुतीच्या पाल्यातील प्रथिनापासून तयार होते, असे दाखवून दिले. उरलेला भाग अळीच्या शरीरातील ऊती आणि रक्तद्रव यांतून येतो आणि त्याचेही मूळ अखेर पाल्यातच असते. तुतीच्या चांगल्या पाल्याच्या शुष्क वजनात २० ते २५ टक्के प्रथिन असते. थोडक्यात, कोष म्हणजे तुतीच्या पाल्याचे रूपांतर होय. पूरक आहाराविषयीचा कोणताही विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

अळीला नेमके काय लागते?

तुतीची अळी तुतीच का खाते, याचाही शोध जपानी शास्त्रज्ञांनी घेतला. पाल्यातील काही द्रव्यांचा वास अळीला जवळ बोलावतो, काही द्रव्यांमुळे ती चावा घेते, तर काहींमुळे घास गिळते, असे त्यांना आढळले. १९६० च्या सुमारास तेथे प्रयोगशाळेत तयार केलेल्या कृत्रिम खाद्यावर अळ्या अगदी कोषापर्यंत वाढविण्यात यश आले. पुढे बाल्य अवस्थेतील अळ्यांसाठी असे खाद्य प्रत्यक्ष व्यवहारातही आले. तुतीच्या पाल्याची भुकटी, तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ, साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि घट्टपणासाठी अगर यांचे ते मिश्रण असते. भारतातही म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, जी १९६१ मध्ये स्थापन झाली, या दिशेने काम केले आहे.

कृत्रिम खाद्याचा मोठा लाभ असा, की त्यातून एकेक घटक काढून अळीवर काय परिणाम होतो हे पाहता आले. त्यावरून अळीच्या गरजांची यादी निश्चित झाली. माणसाप्रमाणेच अळीलाही काही ॲमिनो आम्ले आयती मिळावी लागतात. ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे लागतात. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, लागते. इतर कीटकांप्रमाणे तिला स्टेरॉल हा स्निग्ध घटक स्वतः तयार करता येत नाही, तोही आहारातूनच यावा लागतो. पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त इत्यादी खनिजे लागतात. या सर्वांबरोबर पाणीही हवे. अळी वेगळे पाणी पीत नाही. तिची तहान पाल्यातील ओलाव्यावरच भागते. चांगल्या कोवळ्या पाल्यात ७५ टक्क्यांहून अधिक पाणी असते.

ही यादी पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. यादीतील प्रत्येक पदार्थ सकस तुतीच्या ताज्या पाल्यात आहेच.

पाल्यावर काय शिंपडले जाते?

पूरक आहार देण्याची सर्वसाधारण रीत सोपी आहे. पदार्थ पाण्यात विरघळवून वा मिसळून पाल्यावर फवारला जातो, पाला सावलीत सुकविला जातो व दिवसातून एखाद्या वेळी अळ्यांना दिला जातो. आजवर वापरलेल्या पदार्थांचे ढोबळ मानाने चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग प्रथिनांचा. त्यात सोयाबीनचे पीठ, दुधाची भुकटी, स्पिरुलिना हे पाण्यातील शेवाळसदृश पोषक द्रव्य आणि ग्लायसीनसारखी सुटी ॲमिनो आम्ले येतात. दुसरा वर्ग जीवनसत्त्वांचा. त्यात क जीवनसत्त्वावर आणि ब गटावर सर्वाधिक प्रयोग झाले आहेत. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत एक टक्क्याच्या आसपासचे, म्हणजे लिटरभर पाण्यात दहा ग्रॅमचे, द्रावण प्रयोगांत पुष्कळदा वापरलेले दिसते. तिसरा वर्ग जस्त, पोटॅशियम, कोबाल्ट यांसारख्या खनिजांच्या क्षारांचा असून त्यांचे प्रमाण अत्यल्प ठेवावे लागते. चौथ्या वर्गात मध, वनस्पतींचे अर्क आणि उपयुक्त जिवाणूंची मिश्रणे मोडतात.

यांतील अनेक प्रयोगांत अळीचे वजन, कोषाचे वजन वा कोषाच्या कवचाचे वजन वाढल्याचे नोंदले गेले आहे. तेव्हा पूरक आहार हे थोतांड आहे असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु त्याच प्रयोगांनी दुसरी बाजूही दाखविली आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे प्रमाण वाढविले, की लाभ थांबतो आणि पुढे अपाय सुरू होतो. जीवनसत्त्वांच्या अतिरेकाने अळीची भूक मंदावते, वाढ खुंटते. खनिज क्षारांचा अतिरेक तर विषासमान ठरतो. 'थोडे दिले तर गुण येतो, मग दुप्पट दिले तर दुप्पट येईल' हा हिशेब अळीच्या बाबतीत लागू पडत नाही.

प्रयोग यशस्वी, मग अडचण कोठे?

प्रयोगशाळेतील यश शेतकऱ्याच्या शेडमध्ये तसेच का उतरत नाही, याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण पाल्याच्या प्रतीचे. आमटीत मीठ कमी पडले असेल तर चिमूटभर मिठाने चव येते. मीठ पुरेसे असताना आणखी घातले तर आमटी बिघडते. पाल्यात ज्या घटकाची उणीव आहे तोच वरून दिला तर अळीला लाभ होईल. उन्हाळ्यात सुकलेला, जून झालेला किंवा खताअभावी फिकट पडलेला पाला असेल तर पूरक आहाराचा परिणाम दिसण्याची शक्यता अधिक. उत्तम बागेतील ताज्या पाल्यावर तोच पदार्थ शिंपडला तर फरक नगण्य राहू शकतो.

दुसरे कारण पाण्याचे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि रॅकवर टाकलेला पाला पाहता पाहता कोमेजतो. अशा वेळी द्रावण शिंपडलेला पाला अधिक काळ टवटवीत राहतो आणि अळ्या तो आवडीने खातात. श्रेय औषधाला दिले जाते. प्रत्यक्षात काम पाण्याने केलेले असू शकते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. हवेत आधीच दमटपणा असताना ओला पाला घातला, की रॅकवर ओल साचते, विष्ठा कुजते आणि फ्लॅचरी व मस्कार्डाइन या रोगांना आमंत्रण मिळते. पूरक आहाराने कोषामागे चार-दोन सेंटिग्रॅम वाढले आणि रोगाने शेकडो अळ्या गेल्या, तर तो व्यवहार आतबट्ट्याचाच म्हटला पाहिजे.

तिसरे कारण मोजमापाचे. कोष जड झाला म्हणजे रेशीम वाढले असे नव्हे. ताज्या कोषाच्या वजनात सुमारे चार पंचमांश वाटा आतील निर्जीव भासणाऱ्या, पण जिवंत असलेल्या, कोशावस्थेतील कीटकाचा असतो. रेशमाचे कवच उरलेल्या भागात येते. दुबार संकरित कोषात कवचाचे प्रमाण २० ते २४ टक्क्यांच्या दरम्यान असते आणि एक किलो कच्चे रेशीम काढण्यास असे सहा ते सात किलो कोष लागतात. एखाद्या पूरकाने आतील कीटकच तेवढा पुष्ट झाला, तर शेतकऱ्याचा तराजू खाली जाईल, पण धागा काढणाऱ्याच्या हाती अधिक काही पडणार नाही. असा कोष बाजारात फार काळ चांगला भाव घेऊ शकत नाही.

आहार नव्हे, आज्ञा

पूरक आहाराच्या नावाखाली कधी कधी संप्रेरकांचाही उल्लेख होतो. यांतील भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे. जीवनसत्त्व हे अन्न आहे. संप्रेरक ही शरीराला दिलेली आज्ञा आहे. बाल्यसंप्रेरकाच्या वर्गातील द्रव्य अत्यल्प प्रमाणात पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीस दिले, तर अळी काही तास अधिक खात राहते व रेशीम वाढते. याउलट, वनस्पतिजन्य एक्डिस्टेरॉइड या वर्गातील द्रव्य अळ्या पिकू लागण्याच्या वेळी दिले, तर सर्व अळ्या एकाच वेळी कोषावर येतात आणि मजुरी वाचते. म्हैसूरच्या संस्थेने विकसित केलेले 'संपूर्णा' हे या दुसऱ्या प्रकारचे आहे.

ही साधने उपयुक्त आहेत; परंतु मात्रा आणि वेळ चुकली तर आज्ञाही चुकीची जाते. इटलीमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस फळबागांवर फेनॉक्सिकार्ब हे कीटकनाशक फवारले जाऊ लागले. ते बाल्यसंप्रेरकासारखे कार्य करणारे द्रव्य आहे. वाऱ्याबरोबर तुतीवर आलेल्या त्याच्या अतिसूक्ष्म अंशाने अळ्या खात राहिल्या, वाढत राहिल्या, पण कोष मात्र विणीनात. त्या देशाच्या जुन्या रेशीम व्यवसायावर तो मोठाच आघात ठरला. कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन हे कीटकनाशकही याच जातकुळीचे आहे. महाराष्ट्रात तुतीचा बांध कपाशीच्या बांधाला लागून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या उदाहरणाचे महत्त्व पटेल. संप्रेरके रेशीम खात्याच्या मार्गदर्शनाशिवाय वापरू नयेत. प्रतिजैविकांचेही तसेच, ती औषधे होत, आहार नव्हे, आणि धडधाकट अळ्यांना ती उगाच देण्यात शहाणपण नाही.

पहिला पूरक आहार मातीला

अळीला जे द्यावयाचे ते पाल्यातून, आणि पाल्याला जे द्यावयाचे ते मातीतून, हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा मार्ग आहे. व्ही-१ या अधिक पाला देणाऱ्या तुतीच्या वाणासाठी बागायती क्षेत्रात हेक्टरी वर्षाला २० टन शेणखत आणि ३५० किलो नत्र, १४० किलो स्फुरद व १४० किलो पालाश यांची शिफारस आहे. एकराच्या हिशेबाने हे प्रमाण ८ टन शेणखत आणि १४०, ५६ व ५६ किलो असे येते. ही खते एकदम न देता प्रत्येक छाटणीनंतर विभागून द्यावयाची असतात. नत्र देऊन पाला हिरवागार करावयाचा आणि शेणखत व पालाश विसरावयाचे, असे केल्यास पाला दिसावयास चांगला पण पचावयास जड होतो.

सूक्ष्म द्रव्यांची उणीव पानांवर दिसू लागली, तर बागेवरच फवारणी करता येते. म्हैसूरच्या संस्थेने त्यासाठी 'पोषण' हे मिश्रण तयार केले आहे. बागेवर केलेली अशी फवारणी झाड शोषून घेते आणि अळीला पाला कोरडा मिळतो, हा तिचा विशेष फायदा आहे.

पाला कापण्याची वेळही आहाराचाच भाग समजली पाहिजे. सकाळी लवकर वा सायंकाळी कापलेला, ओल्या गोणपाटाखाली थंड जागी ठेवलेला पाला आपले पाणी आणि क जीवनसत्त्व टिकवून धरतो. दुपारच्या उन्हात कापून ट्रॉलीत दडपलेला पाला तापतो आणि दोन्ही गमावतो. जे जीवनसत्त्व बेपर्वाईने घालवावयाचे, तेच पुढे पैसे मोजून पुडीतून विकत आणावयाचे, यात कोणता लाभ?

याच न्यायाने बाल्य अवस्थेतील अळ्यांना २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता, तर प्रौढ अळ्यांना २४ ते २६ अंश तापमान व सुमारे ७० ते ७५ टक्के आर्द्रता मिळेल अशी व्यवस्था, पुरेशी मोकळी जागा आणि पिकापूर्वी काटेकोर निर्जंतुकीकरण या गोष्टींना पर्याय नाही. गर्दीत वाढणाऱ्या अळीला पौष्टिक घास दिला तरी तो तिच्या वाट्याला येईलच असे नाही.

द्यावयाचाच असेल तर

वरील सर्व काळजी घेऊनही पूरक आहार द्यावयाचा असेल, तर काही पथ्ये पाळावीत. बाल्य अवस्थेतील अळ्यांवर प्रयोग करू नये. चौथ्या व विशेषतः पाचव्या अवस्थेत तो करावा. कात टाकण्यास बसलेल्या अळ्यांना काहीही देऊ नये. द्रावण त्याच दिवशी तयार करावे. क जीवनसत्त्व पाण्यात फार काळ टिकत नाही. फवारलेला पाला सावलीत पसरून पृष्ठभागावरील पाणी पूर्ण उडाल्यावरच रॅकवर घालावा. दिवसातून एकाच वेळी तो द्यावा, बाकीच्या वेळी साधा पाला असावा. पावसाळी, ढगाळ दिवशी फवारणी टाळावी. आणि ज्या बाटलीवर वा पुडीवर त्यातील घटक व त्यांचे प्रमाण छापलेले नाही, ती कितीही स्वस्त असली तरी संगोपनगृहात आणू नये.

शाळेच्या पडवीत होणारी परीक्षा

एखादा पूरक आहार आपल्या गावच्या पाल्यावर, आपल्या हवेत उपयोगी पडतो की नाही, हे ठरविण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातील माध्यमिक शाळेचे विज्ञान शिक्षक आणि एखादा अनुभवी रेशीम उत्पादक मिळून ही परीक्षा सहज घेऊ शकतील.

चौथी कात एकाच दिवशी टाकलेल्या, एकाच पिकातील ६०० निरोगी अळ्या घ्याव्यात व सहा ट्रेमध्ये शंभर-शंभर ठेवाव्यात. दोन ट्रेना साधा पाला, दोहोंना नुसते पाणी फवारून सुकविलेला पाला आणि दोहोंना पूरक द्रावण फवारून सुकविलेला पाला द्यावा. बाकी सर्व गोष्टी, म्हणजे पाल्याचे वजन, वेळा, जागा, हवा, सारख्या ठेवाव्यात. यासाठी सुमारे १२ किलो पाला पुरेल. नुसत्या पाण्याचे दोन ट्रे अनेकांना अनावश्यक वाटतील. पण खरी परीक्षा तेथेच आहे. द्रावणाचे कोष साध्या पाल्याच्या कोषांपेक्षा सरस ठरले, परंतु पाण्याच्या कोषांइतकेच भरले, तर गुण पुडीचा नव्हे, पाण्याचा होता, हे विद्यार्थ्यांनाही कळेल.

कोष काढल्यावर प्रथम प्रत्येक ट्रेमधील शंभर अळ्यांपैकी किती अळ्यांनी चांगला कोष केला, ते मोजावे. नंतर प्रत्येक ट्रेमधील वीस कोष कापून आतील कीटक नर की मादी ते पाहावे आणि दहा नर व दहा मादी यांचे कोष वेगळे तोलावेत. मादीचा कोष जड पण त्यातील कवचाचे प्रमाण कमी असते. ही समता राखली नाही, तर निष्कर्ष फसवा निघतो. कवचाच्या वजनाला कोषाच्या वजनाने भागून शंभराने गुणले, की कवचाचे शेकडा प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, कोष २ ग्रॅमचा व कवच ०.४४ ग्रॅमचे असेल तर ते प्रमाण २२ टक्के होय. दोन जोडीच्या ट्रेमध्येच जेवढा फरक दिसतो, त्याहून अधिक फरक द्रावणाने पडला तरच तो मानावा. ही परीक्षा उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यात एकदा घेतल्यास गावाला आपल्यापुरते विश्वसनीय उत्तर मिळेल.

हिशेब वहीत असावा

शेवटी प्रश्न पैशाचा येतो. १०० अंडीपुंजांपासून ६० किलो कोष होतात आणि भाव किलोला ५०० रुपये मिळतो, असे उदाहरणादाखल धरू. पूरक आहाराने पाच टक्के वाढ झाली तर ३ किलो कोष, म्हणजे १,५०० रुपये अधिक मिळतील. पूरक द्रव्य, फवारणीची मजुरी आणि पाला सुकविण्यात जाणारा वेळ या सर्वांचा खर्च त्याहून पुष्कळ कमी असेल तरच त्यात अर्थ आहे. ही मजुरी बहुधा घरातील स्त्रियांची असते व म्हणून हिशेबात धरली जात नाही; ती धरलीच पाहिजे. आता दुसरी बाजू पाहावी. निर्जंतुकीकरणात हयगय झाल्याने शंभरातील दहा अळ्या दगावल्या, तर ६ किलो कोष, म्हणजे ३,००० रुपये गेले. चुन्याच्या एका पोत्यात व वेळेवर केलेल्या स्वच्छतेत जी कमाई दडलेली आहे, ती महागड्या बाटलीतील कमाईच्या दुप्पट असू शकते.

पूर्व विदर्भात ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या टसर अळीच्या बाबतीत तर पाल्यावर काही शिंपडण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. तेथे झाडांची निगा आणि जंगलाचे रक्षण हाच अळीचा पूरक आहार होय.

ग्रामपंचायतींना या कामी करण्यासारखे बरेच आहे. रेशीम उत्पादकांच्या बैठकीत विक्रेत्याच्या माहितीपत्रकाऐवजी गावातील परीक्षेची वही वाचली जावी. मातीचे परीक्षण करून त्याचे निष्कर्ष प्रत्येक तुती बागायतदाराला समजावून सांगितले जावेत. कपाशीवर फवारणी करणाऱ्याने शेजारच्या तुती बागायतदारास आदल्या दिवशी कळवावे, असा साधा ठराव ग्रामसभेने केला तरी एखाद्या कुटुंबाचे पीक वाचेल.

रेशीम अळी महिनाभर माणसाच्या हातचे खाते आणि मग काहीही न खाता, शरीरात साठविलेले सारे धाग्यात ओतून देते. तिच्या पोटात जे गेले नाही, ते कोषात उतरत नाही. पूरक आहार हा त्या खाण्याला दिलेला हातभार आहे. खाणे मात्र पाल्याचेच. ज्याची बाग सकस, संगोपनगृह स्वच्छ आणि हिशेबाची वही खरी, त्याला पूरक आहार कधी घ्यावा आणि कधी नाकारावा, हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.